सामाजिक शास्त्रातील संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र : गणित सुटलेल्या माणसाने कोणत्या क्रमाने शिकावे?

तोरणमाळ_वाट
नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि नुकतीच पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. दहावीनंतर मुलींचे शिक्षण कशामुळे थांबते आणि कशामुळे चालू राहते, हा माझा विषय असून शहादा आणि धडगाव हे दोन तालुके अभ्यासक्षेत्र म्हणून घेतले आहेत. कोर्सवर्क पूर्ण झाले आहे. नमुना निवडीचे प्रकार, परिकल्पना, मध्य, मध्यगा, बहुलक, टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी या सर्वांच्या व्याख्या मला येतात आणि त्यावरची परीक्षाही मी उत्तीर्ण झाले आहे. परंतु माझ्या स्वतःच्या विषयाला यातले काय लावायचे, हे विचारले तर सांगता येत नाही.

मला दोन प्रकारचे सल्ले मिळत आहेत. काही जण म्हणतात की आधी वर्षभर संख्याशास्त्र शिका आणि मगच गावात पाऊल टाका. दुसरे म्हणतात की प्रश्नावल्या भरून आणा, पुढचे विश्लेषण पैसे देऊन करून मिळते. दुसरा सल्ला मला मान्य नाही, कारण तोंडी परीक्षेत उत्तर मलाच द्यायचे आहे. पहिला मान्य आहे, पण दहावीनंतर गणिताशी संबंध उरलेला नसल्यामुळे सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. नमुना ४०० कुटुंबांचा ठरवला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ
४०० हा आकडा वाचून समाधान वाटले. परंपरा अबाधित आहे.

तोरणमाळ_वाट
पांझराकाठ, यातला विनोद मला समजला नाही. मी सूत्र वापरूनच आकडा काढला आहे.

आकडेमोड
ताई, विनोद सूत्रातच दडलेला आहे. यामाने यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे आहे : एकूण संख्या भागिले (१ + एकूण संख्या × चुकीच्या मर्यादेचा वर्ग). चुकीची मर्यादा, म्हणजे नमुन्याचे उत्तर खऱ्या उत्तरापासून किती इकडेतिकडे गेलेले चालेल ती, ५ टक्के, म्हणजे ०.०५, धरली की तिचा वर्ग ०.००२५ होतो. आता एकूण कुटुंबे १०,००० घाला, उत्तर ३८५ येते. एक लाख घाला, ३९८ येते. दहा लाख घाला, ३९९.८ येते. ४०० च्या पुढे हे सूत्र जातच नाही. त्यामुळे चाळीसगाव असो की अक्कलकुवा, विषय बचत गटांचा असो की कापूस उत्पादकांचा, प्रबंधात माणसे ४०० च भेटतात.

सूत्र चुकीचे नाही, पण त्याच्या पोटात तीन अटी आहेत आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. एक, तुम्हाला एखादे प्रमाण मोजायचे आहे आणि ते ५० टक्क्यांच्या आसपास असेल असे धरले आहे. दोन, ९५ टक्के विश्वास पातळी धरली आहे. तीन, आणि तुमच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची, की कुटुंबे संपूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली आहेत. तुम्ही तशी निवडणार आहात का?

तोरणमाळ_वाट
संपूर्ण यादी कोठून मिळणार? दोन्ही तालुक्यांतून मिळून २० गावे-पाडे निवडायचे आणि प्रत्येक ठिकाणी २० घरांत जायचे, असे ठरवले होते.

अक्राणी
मी धडगाव भागात बरीच वर्षे सर्वेक्षणाची कामे केली आहेत, त्यामुळे सूत्राआधी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की आमच्याकडे गाव हे कागदावरचे एकक आहे. एका महसुली गावात अनेक पाडे असतात, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो, आणि ज्या पाड्यापर्यंत गाडी जाते तेथेच सर्वेक्षण उरकण्याचा मोह सर्वांना होतो. शाळा, अंगणवाडी, दुकान हे सगळे बहुधा त्याच पाड्यावर असते. मुलींच्या शिक्षणाचा अभ्यास जर रस्त्यालगतच्या पाड्यांवरच झाला, तर निष्कर्ष रस्त्याचा निघेल, शिक्षणाचा नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत गेलात तर दाराला कुलूप किंवा घरात फक्त म्हातारी माणसे भेटतील. ज्या घरातल्या मुलीची शाळा स्थलांतरामुळे सुटली, नेमके तेच घर तुमच्या नमुन्यातून गळेल. होळीनंतर मृग लागेपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा असतो, मात्र लग्नसराईचे दिवस सांभाळावे लागतात.

तिसरी गोष्ट, घरातील सदस्य कोणाला म्हणायचे ते आधी लिहून ठेवा. आमच्याकडच्या कितीतरी मुली आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहून शिकतात. "घरात कोण कोण राहते?" असे विचारले तर आई तिचे नाव सांगणार नाही. शिकणारी मुलगीच मोजणीतून बाहेर राहील आणि टक्केवारी उलटी दिसेल.

भुसावळ_जंक्शन
हा प्रतिसाद पीएच.डी. कोर्सवर्कच्या अभ्यासक्रमात लावावा, अशी मी सूचना मांडतो.

आकडेमोड
अक्राणी यांनी जमिनीवरचे सांगितले, त्यालाच जोडून गणिताचे सांगतो. एका पाड्यावरची २० घरे ही २० स्वतंत्र उत्तरे नसतात. शाळा तीच, रस्ता तोच, नातीगोती तीच, त्यामुळे उत्तरे एकमेकांसारखी येतात. या सारखेपणाचा गुणांक समजा ०.१ धरला, तर समूह नमुन्यामुळे होणारी हानी मोजण्याचा साधा हिशेब असा : १ + (प्रत्येक ठिकाणची घरे वजा १) × ०.१. तुमच्या आराखड्यात हे १ + १९ × ०.१ = २.९ होते. म्हणजे ४०० घरांना जाऊनही तुमच्या हाती साधारण १३८ स्वतंत्र घरांइतकीच माहिती येते, आणि ५ टक्क्यांची चुकीची मर्यादा साडेआठ टक्क्यांपर्यंत जाते.

याच ४०० घरांचा आराखडा ४० ठिकाणी १० घरे असा केला, तर हानी १.९ वर येते आणि सुमारे २१० घरांइतकी माहिती मिळते. घरांची संख्या तीच, पायपीट मात्र अधिक.

अक्राणी
पायपीट अधिक हे लिहायला सोपे आहे. ४० पाडे म्हणजे काय ते धडगावात येऊन पाहा.

आकडेमोड
मान्य आहे. म्हणूनच हा निर्णय सूत्राने करायचा नसतो. किती दिवस, किती माणसे आणि किती पाडे शक्य आहेत ते आधी ठरवावे, आणि त्यातून किती अचूकता मिळते ते प्रबंधात प्रामाणिकपणे लिहावे.

केळीबाग_रावेर
मी संशोधक नाही, शेतकरी आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि मुलीच्या अभ्यासामुळे या विषयाकडे वळलो. तिला प्रमाण विचलन समजत नव्हते, तेव्हा मी तिला बागेत नेले. आमच्याकडे घडाच्या सरासरी वजनाला रास म्हणतात. समजा एका बागेतले पाच घड १८, १९, २०, २१, २२ किलोचे निघाले आणि दुसऱ्या बागेतले १२, १६, २०, २४, २८ किलोचे. दोन्हींची रास २० च. परंतु निर्यातीसाठी माल घेणारा व्यापारी दुसऱ्या बागेकडे वळूनही पाहणार नाही, कारण त्याला एकसारखा माल हवा असतो.

आता प्रत्येक घडाचा सरासरीपासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, सर्व वर्गांची बेरीज करून तिला ४ ने भागा आणि वर्गमूळ काढा. पहिल्या बागेचे १.५८ येते, दुसरीचे ६.३२. सरासरीने जे लपवले ते या आकड्याने उघड केले. मुलीने हे एकदा वहीत हाताने केल्यावर तिला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

पांझराकाठ
घड पाच असताना ४ ने का भागायचे? व्यापाऱ्याने एक घड आधीच उचलून नेला काय?

आकडेमोड
फरक काढताना आपण त्याच पाच घडांची सरासरी वापरली. सर्व फरकांची बेरीज शून्यच होते, त्यामुळे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. मोकळे फरक चारच राहतात, म्हणून ४ ने भागायचे. नमुना मोठा झाला की याने काही बिघडत नाही, लहान असला की बराच फरक पडतो.

लहान नमुन्यांचा हा प्रश्न विद्यापीठात नव्हे, कारखान्यात सुटला, हे विशेष. विल्यम गॉसेट हे गिनेस या दारूच्या कारखान्यात कामाला होते. कंपनी स्वतःच्या नावाने लेख छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख प्रसिद्ध केला. आपण टी-चाचणी म्हणतो ती तेथून आली.

अमळनेरी
चर्चा चांगली चालली आहे, पण माझा मूळ आराखड्यालाच विरोध आहे. धागाकर्तीचा प्रश्न 'कशामुळे' असा आहे. कशामुळे याचे उत्तर हो-नाहीच्या चौकटीत खूण करून मिळत नाही. एका मुलीचे शिक्षण सुटते त्यामागे वडिलांचे कर्ज, धाकट्या भावंडांची देखभाल, एस.टी.ची वेळ, एखाद्या शिक्षकाचे बोलणे असे अनेक धागे असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. वीस-पंचवीस मुलींशी, त्यांच्या आयांशी आणि शिक्षकांशी दीर्घ मुलाखती घेतल्या, नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासे झाले की थांबले, तर ४०० प्रश्नावल्यांपेक्षा अधिक हाती लागेल. समाजशास्त्राला संख्याशास्त्राचा न्यूनगंड असण्याचे कारण नाही.

गिरणामाई
अमळनेरी, तुमचे अर्धे म्हणणे मान्य आहे. कारणे शोधायला मुलाखतच हवी. पण त्यातले कोणते कारण किती घरांत आहे, हे पंचवीस मुलाखतींतून सांगता येत नाही, आणि शासनाकडे वसतिगृह मागायचे की एस.टी.ची फेरी, हे ठरवायला तेच लागते. माझ्या मते आधी दहा-बारा मुलाखती घ्याव्यात, त्यांतून प्रश्नावलीतले पर्याय तयार करावेत आणि मग सर्वेक्षण करावे. आपल्याकडे पर्याय ग्रंथालयात बसून लिहिले जातात, अडचण तेथेच सुरू होते.

निवृत्त_मास्तर
पर्यायांवरून एक सांगतो. निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांसोबत हौसेने सर्वेक्षणाला जातो. साक्री तालुक्यात एका आजोबांना मुलीने विचारले, "शिक्षणामुळे मुलींचा सर्वांगीण विकास होतो, या विधानाशी आपण पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत की पूर्णतः असहमत?" आजोबांनी तिला आधी पाणी दिले आणि म्हणाले, "तुमले जे वाटस ते लिखी ल्या, बेटा." तिने 'पूर्णतः सहमत' वर खूण केली. अशा उत्तरांची नंतर सरासरी निघाली आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे लागले.

लायकर्ट यांची ही मापनश्रेणी १९३२ पासून वापरात आहे आणि तिचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. परंतु पाहुण्याला नाराज करायचे नाही, असे ज्या समाजाचे वळण आहे तेथे सगळी विधाने एकाच दिशेची ठेवली तर सगळे सहमतच होणार. काही विधाने उलटी ठेवावीत. त्याहून चांगले म्हणजे मत न विचारता घडलेली गोष्ट विचारावी. "मुलींनी शिकावे का?" यापेक्षा "तुमच्या घरातील शेवटची मुलगी कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली आणि त्या वर्षी घरात काय घडले?" हे विचारावे.

भुसावळ_जंक्शन
माहिती भरण्याबद्दलही एक सावधगिरी. उत्तर मिळाले नाही तर ९९ लिहावे, असा संकेत अनेक जण ठेवतात आणि संगणकाला ते सांगायचे विसरतात. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका तक्त्यात एका कुटुंबातील मुलांची संख्या ९९ होती.

पांझराकाठ
त्या घराला स्वतंत्र केंद्रप्रमुख द्यावा लागेल.

गिरणामाई
आता चाचणीकडे येऊ, कारण ताईंना भीती तिचीच आहे. काय-वर्ग चाचणी एकदा हाताने करून पाहा, त्याला बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढेच लागते. आकडे मी कल्पनेने घेत आहे. समजा गावातच कनिष्ठ महाविद्यालय आहे अशा गावांतल्या १०० घरांपैकी ६० घरांतली मुलगी अकरावीला गेली आणि ४० घरांतली गेली नाही. महाविद्यालय नाही अशा गावांतल्या १०० घरांपैकी ४५ गेल्या आणि ५५ गेल्या नाहीत. एकूण २०० पैकी १०५ गेल्या. महाविद्यालयाचा काहीच संबंध नसता, तर दोन्हीकडे सारख्याच, म्हणजे ५२.५ मुली जायला हव्या होत्या आणि ४७.५ राहायला हव्या होत्या. प्रत्येक चौकटीतला फरक ७.५ आहे. त्याचा वर्ग ५६.२५. तो अपेक्षित संख्येने भागा : दोन चौकटींत १.०७ आणि दोन चौकटींत १.१८. बेरीज ४.५१. कोष्टकात एका स्वातंत्र्यमात्रेला (अशा चार चौकटींच्या तक्त्यात मोकळी राहणारी चौकट एकच असते) ५ टक्के पातळीवर ३.८४ आहे. आपला आकडा मोठा, म्हणून संबंध सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा.

खान्देशकन्या
संगणकावर याचे पी-मूल्य ०.०३४ येते. म्हणजे महाविद्यालयामुळे फरक पडतो हे ९६.६ टक्के सिद्ध झाले, बरोबर ना?

आकडेमोड
नाही, आणि हा गैरसमज छापील प्रबंधांतही सर्रास आढळतो. पी-मूल्य सांगते ते असे : प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तर केवळ नमुन्याच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३.४ टक्के होती. आपली परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय संबंध किती घट्ट आहे तेही कळत नाही. ४.५१ ला २०० ने भागून वर्गमूळ काढले तर ०.१५ येते, म्हणजे संबंध आहे पण सैल आहे.

त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. ही चाचणी २०० घरे स्वतंत्र आहेत असे धरते. ती प्रत्येक गावातून दहा-दहा घेतली असतील आणि वर काढलेली १.९ ची हानी येथे लागू केली, तर ४.५१ भागिले १.९ म्हणजे २.३७ उरतात. आता आकडा ३.८४ च्या खाली गेला, म्हणजे तीच माहिती असार्थ ठरली. समूह नमुन्यासाठी काय-वर्ग असा दुरुस्त करून घ्यावा लागतो, हे जे. एन. के. राव आणि अ‍ॅलिस्टर स्कॉट यांनी १९८१ मध्ये नेमकेपणाने मांडले. विश्लेषण करून देणाऱ्याला तुमची घरे कशी निवडली ते माहीत नसते, त्यामुळे तो ही दुरुस्ती करणार नाही.

अमळनेरी
आणि दुरुस्ती करूनही सार्थ आले तरी महाविद्यालय हेच कारण, असे म्हणता येणार नाही. कनिष्ठ महाविद्यालय असलेले गाव बहुधा मोठे, रस्त्यावरचे, बागायती आणि बाजारपेठेचे असते. मुली त्यामुळेही शिकत असतील.

गिरणामाई
न्यूनगंड नसलेल्या समाजशास्त्रज्ञाने संख्याशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडला, याची नोंद घ्यावी. उपाय असा की गावाचा आकार, बसची सोय, सिंचन आणि घरातील आईचे शिक्षण ही माहितीही गोळा करायची आणि बागायती गावांची तुलना बागायती गावांशीच करायची. पुढे जाऊन हेच काम प्रतिगमन, म्हणजे अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी वेगवेगळा मोजण्याची पद्धत, करते, पण जे घटक प्रश्नावलीत विचारलेच नाहीत त्यांचा हिशेब कोणतेही सॉफ्टवेअर करून देणार नाही.

निवृत्त_मास्तर
मोठ्या नमुन्याचा मोह असणाऱ्यांसाठी जुनी हकीकत सांगतो. फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याच वर्षी, १९३६ मध्ये, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार असे जाहीर केले. जनमत चाचण्या घेणारे गॅलप यांनी त्याच्या तुलनेत फारच थोड्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार असे सांगितले. रूझवेल्ट जिंकले. साप्ताहिकाच्या याद्या दूरध्वनी आणि मोटार असलेल्यांच्या होत्या, आणि उत्तर पाठवणारेही वेगळ्या वृत्तीचे होते. अक्राणी यांचा रस्त्यालगतचा पाडा हाच आहे.

आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची पाहणी केली, तेव्हा आधी लहान पाहण्या केल्या आणि नमुन्याचे दोन भाग दोन वेगळ्या पथकांना देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहिली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती याच अनुभवावर. ताईंना दोन अन्वेषक मिळणार असतील, तर निम्मी घरे एकाला आणि निम्मी दुसऱ्याला चिठ्ठीने द्यावीत. दोघांच्या उत्तरांत मोठी तफावत आली तर दोष घरांत नसून विचारण्यात आहे.

खान्देशकन्या
सॉफ्टवेअर कोणते वापरावे? एसपीएसएस हे विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही आणि चोरून वापरायचे नाही.

भुसावळ_जंक्शन
जामोवी किंवा जेएएसपी विनामूल्य आहेत आणि सोपे आहेत. समूह नमुन्याचा हिशेब नीट करायचा असेल तर आर ही संगणकभाषा शिकावी लागेल, तीही विनामूल्य आहे. माहिती भरायला मोबाइलवर कोबो टूलबॉक्स वापरा, ते नेटवर्क नसतानाही चालते आणि रेंज आल्यावर माहिती पाठवते. धडगावात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तोरणमाळ_वाट
सर्वांचे आभार. माझा मूळ प्रश्न क्रमाचा होता, तो मधल्या चर्चेत थोडा मागे पडला. संख्याशास्त्र आधी की क्षेत्रकार्य आधी?

गिरणामाई
वर्षभर संख्याशास्त्र शिकून मग गावात जाऊ नका, कारण प्रश्न समोर नसताना शिकलेले टिकत नाही, हे तुमच्या कोर्सवर्कनेच दाखवले आहे. प्रथम दहा-बारा मुलाखती घ्या. त्यांतून तीन-चार नेमके प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्नासमोर रिकामा तक्ता आखा : आडवे काय, उभे काय, चौकटीत टक्केवारी येणार की सरासरी. तक्ता आखता आला नाही तर तो प्रश्न अजून तयार नाही असे समजा. तक्ता आखला की चाचणी त्यातूनच ठरते आणि तुम्हाला फक्त तेवढीच शिकायची असते. दोन्हीकडे गट असतील तर काय-वर्ग, एकीकडे गट आणि दुसरीकडे मोजमाप असेल तर टी-चाचणी किंवा (गट दोनपेक्षा अधिक असतील तर) प्रसरण विश्लेषण, दोन्हीकडे मोजमाप असेल तर सहसंबंध.

सरावासाठी स्वतःच्या माहितीची वाट पाहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हानिहाय पत्रके उपलब्ध आहेत. नंदुरबार आणि जळगाव ही दोन पत्रके शेजारी ठेवून वाचण्यातच बरेच शिक्षण होते.

आकडेमोड
यात माझी एकच भर. नमुना निवडीचा भाग मात्र क्षेत्रकार्याआधी पूर्ण शिका. चुकलेली चाचणी नंतर पुन्हा करता येते, चुकलेली निवड दुरुस्त करता येत नाही.

तोरणमाळ_वाट
मग आराखडा असा बदलते : दोन्ही तालुके वेगळे स्तर, म्हणजे दोन्हींतली निवड स्वतंत्रपणे, प्रत्येकात २० पाडे किंवा वस्त्या, प्रत्येक ठिकाणी १० घरे, काम होळीनंतर, त्याआधी मुलाखती. मुली १८ वर्षांखालील असल्याने पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची तयारी, दोन्ही घेईन. दोन शंका उरतात. निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घेतले तर चालेल का? आणि पाड्यावरच्या घरांची यादी कोणाकडे मिळेल?

अक्राणी
शेजारचे घर घेऊ नका. जे घर बंद आहे ते का बंद आहे, हाच तुमच्या विषयाचा भाग आहे. वेगवेगळ्या वेळी पुन्हा जा, सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला माणसे भेटतात, आणि तरीही भेट झाली नाही तर ते घर 'भेट झाली नाही' म्हणून कारणासह नोंदवा.

यादीसाठी जनगणनेत गाव मिळेल, पाडा मिळणार नाही. अंगणवाडी सेविकेकडे कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही असते, तिच्यात घरे पाड्यानुसार सापडण्याची शक्यता जास्त. तिच्याकडे बसून ती यादी उतरवून घ्या आणि ऊसतोडीला गेलेली व अजून न परतलेली कुटुंबे कोणती, ते त्याच वेळी तिला विचारून नावापुढे लिहून घ्या. चिठ्ठ्या त्यानंतर टाका, आणि न परतलेल्यांची नावे त्या चिठ्ठ्यांतून काढू नका.